कढईमागचा जळबा

मी एक जुनी चित्रवही आहे. मित्रांनो, एकाहत्तरची लढाई आपण जिंकली. आता हे विसरा, कारण माझ्या पानांवर लढाई झालेलीच नाही.

माझ्या पानांवर पलटणीचा स्वयंपाकी आहे. त्याच्या चपातीवर जवानांनी नेमबाजी केली. चपातीला काही झाले नाही, गोळ्या वाकल्या. एक खेचर आहे. त्याने साहेबांना सलाम केला नाही म्हणून त्याची बढती रोखलेली आहे. ही चित्रे जवळा बाजार गावच्या जळबा नावाच्या जवानाने काढली. त्याची आई मालनबाई हिला वाचता येत नव्हते, म्हणून तो पत्राऐवजी माझे एकेक पान फाडून घरी पाठवी. प्रत्येक चित्रात स्वतःला काढायचे, असे तिने बजावले होते. चित्रात जळबा दिसला, म्हणजे पोरगं जिवंत. शेजारचे शिंपी चाँद पाशा खालची ओळ वाचून दाखवत आणि पान मशीनवर मागच्या पानांना शिवून टाकत. अशी मी फौजेत फाटत गेले आणि बाजारात शिवली गेले.

लढाई संपली, तरी पाने येतच राहिली. एकात जळबा कढईमागे, एकात खेचरामागे, मग पुन्हा कढईमागे. पाशाभाई पोट धरून हसले. मालनबाई हसली नाही.

“पाशाभाई, याचे पाय कुठं हायेत?”

“कढईमागं असतील की, मावशी.”

“दर खेपंला कढई काहून आडवी येऊन राहिली?”

पाशाभाईंनी पान उलटून पाहिले. मागेही पाय नव्हते.

“लिहा त्याला,” ती म्हणाली. “म्हणावं, हाय तसा काढ. न्हाई तर कढई घरी पाठव अन् तू तिथंच ऱ्हा.”

तीन आठवड्यांनी पान आले. फौजी दवाखान्याच्या दारात जळबा कुबड्यांवर उभा. डावा पाय गुडघ्यापासून नाही. खाली लिहिले होते, ‘आता एकाच बुटाला पॉलिश. साहेब म्हणतात, अर्धे काम चुकवतो.’

ही ओळ पाशाभाईंना वाचवेना. शेवटी वाचली. मालनबाईने बोटाने उजवा पाय पार अंगठ्यापर्यंत चाचपला. मग ती एकदम हसली, आणि हसता हसताच तिने पदर तोंडाला लावला.

“शिवा,” ती म्हणाली. “पक्की टीप मारा.”

पुढे जळबा घरी आला आणि चित्रांची गरज संपली. आता मी पाशाभाईंच्या दुकानात चिंध्यांखाली असते. उंदीर माझे नियमित वाचन करतात. दोन पाने त्यांना फारच आवडली.

मित्रांनो, हसवणाऱ्या माणसाकडे नीट पाहत जा. तो कशामागे उभा आहे, तेही विचारा.

तसेच, संबंधित खात्यास विनंती की, जळबा यांचा डावा पाय सरहद्दीवर राहून गेलेला असून तो शोधून, मालनबाईंच्या अंगठ्याची पोच घेऊन, जवळा बाजार येथे पोहोचता करावा. तसदीबद्दल क्षमस्व.