चौघांचं घर

दारावरची घंटा वाजली की त्या घरात प्रत्येकाला आपापलं काम ठाऊक होतं. आई शिवणयंत्र थांबवायची. आजी गुडघे धरत उठायची आणि नातीचा हात धरायची. सात वर्षांची बिट्टी मुकाट्याने तिच्याबरोबर मागच्या खोलीत जायची, आजी बाहेर येऊन कडी लावायची, आणि मगच कुणीतरी दार उघडायला जायचं. त्या सकाळी आलेला माणूस नुसता विजेचा मीटर बघायला आला होता. तो गेला, कडी निघाली, यंत्र पुन्हा सुरू झालं.

घर दुकानाच्या मागेच होतं. बिट्टीचे बाबा सोफे आणि खुर्च्या मढवून द्यायचे. गावभरच्या लोकांच्या बैठकी त्यांच्या हाताने नव्या होऊन जात; त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र एक खुर्ची अशी डुगडुगायची की पाहुण्याला तिच्यापासून लांब ठेवावं लागे. आई खोळी शिवायची. बाबांची धाकटी बहीण डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीवर बसून केसपेपर काढायची. आजी, आई, बाबा, आत्या आणि बिट्टी, एवढंच घर.

बिट्टी लहान असताना ‘आई’, ‘पाणी’, ‘दे’ असे काही शब्द बोलायची. मग ते एकेक करून गेले. हाक मारली तरी ती वळून बघेना. मिक्सर लागला की कान झाकून किंचाळायची. तिचं सुख एकच होतं. फोमच्या दोन जाड तुकड्यांच्या मध्ये शिरून ती अंग दाबून घ्यायची आणि तशीच निवांत पडून राहायची. डॉक्टरांनी कान तपासून घेतले, ते ठीक निघाले, तेव्हा त्यांनी मोठ्या रुग्णालयातल्या बालविकास विभागात पाठवलं. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द आईने तिथेच पहिल्यांदा ऐकला. मुलीला दर आठवड्याला आणा, असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं.

पण त्याच दिवशी तिथल्या बाकावर ओळखीचं कुणीतरी भेटलं, आणि आठवडा उलटायच्या आत आत्यासाठी जवळजवळ ठरलेलं स्थळ परत फिरलं. घराण्यात वेड आहे, असं त्यांच्या कानावर गेलं होतं.

आजीने तेव्हा जे सांगितलं तोच पुढे घराचा कायदा झाला. आधी हिचं लग्न होऊ दे, मग पोरीचं बघू. आई रडली. बाबा काहीच बोलले नाहीत, आणि त्या घरात बाबा बोलले नाहीत की गोष्ट ठरली असं समजत. पुढच्या रविवारी त्यांनी मागच्या खोलीच्या भिंतींना आणि दाराला आतून फोम ठोकला, वरून निळं कापड ताणून बसवलं. पोर डोकं आपटते, तिला लागू नये म्हणून, असं ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण त्या फोममुळे बिट्टीचा आवाज बाहेर येईनासा झाला, हेही त्यांना माहीत होतं. इतकं सफाईदार काम त्यांनी कुठल्याच गिऱ्हाइकासाठी केलं नसेल.

इथे कुणी राक्षस नव्हतं. आजी बिट्टीला रोज स्वतःच्या हाताने भरवायची. भाताला भाजी लागलेली तिला चालत नाही हे आजीनेच आधी ओळखलं होतं. बाबा कामावरून उठले की तिच्याशेजारी जमिनीवर आडवे व्हायचे. माया होती. तिच्याच आडोशाने वर्षं गेली. आईने चोरून दोन शाळांत विचारून पाहिलं. एकीत सोय नव्हती, दुसरीत इतर पालक काय म्हणतील याची काळजी होती. तिला त्यांच्यावर रागावताही आलं नाही, कारण तिच्या स्वतःच्या घरात तरी दुसरं काय चाललं होतं.

आत्याच्या मनाला मात्र ही गोष्ट काट्यासारखी टोचत होती. आपल्या लग्नासाठी एक मूल कोंडलं जातंय, आणि ते लग्न तर काही होत नाही. एका सुट्टीच्या दिवशी ती एकटीच बालविकास विभागात गेली. तिथल्या बाईंनी तिला शांतपणे समजावलं. हा बरा करायचा आजार नाही. पण न बोलणाऱ्या मुलाला चित्रं दाखवून मागायला शिकवता येतं, गर्दी आणि आवाज सोसायला हळूहळू मदत करता येते, घरच्यांनाही शिकवावं लागतं. जितक्या लवकर याल तितकं मुलाला सोपं जाईल.

आत्याने घरी येऊन हे सगळं सांगितलं. आजी म्हणाली, येत्या रविवारी पाहुणे येतायत, एवढं पार पडू दे.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि वडील. माणसं साधी, हसतमुख होती. चहा झाला, नोकरीची चौकशी झाली, दुकानातला नवा सोफा बघून मुलाचे वडील म्हणाले की लग्न ठरो न ठरो, आमची बैठक मात्र तुमच्याकडेच. सगळे हसले. मग मुलाच्या आईने सहज विचारलं, घरात कोण कोण असतं तुमच्या?

“आम्ही चौघंच,” आजी म्हणाली.

हे वाक्य आत्याने आधीही ऐकलं असेल. त्या दिवशी मात्र तिने आपल्या वहिनीकडे पाहिलं. वहिनी मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, इतकं घट्ट की बोट पांढरं पडलं होतं.

“चौघं नाही, पाच,” आत्या म्हणाली. “माझी भाची आहे. आत कोंडलीय तिला, तुम्ही येणार म्हणून.”

बाबा अर्धवट उठले आणि तसेच खाली बसले. आत्याने जाऊन कडी काढली, दार सताड उघडलं. तिला वाटलं होतं बिट्टी धावत बाहेर येईल, ओरडेल, कदाचित पाहुण्यांचे कप सांडेल. त्या सगळ्याची तिने तयारी ठेवली होती.

बिट्टी आली नाही. ती कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली होती, आणि तिने दोन्ही तळहात स्वतःच्या तोंडावर गच्च दाबून धरले होते.

घंटा वाजली की आवाज करायचा नाही, हे आजीने तिला शिकवलं होतं, तिचे हात तिच्याच तोंडावर ठेवून ठेवून. या पोरीला काही शिकवता येत नाही असं सगळे म्हणत होते. एवढं मात्र ती पक्कं शिकली होती.

आई दारातच बसली आणि भिंतीला डोकं टेकून रडू लागली. पाहुणे थोड्या वेळाने उठले. मुलाच्या आईने निघताना आत्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण पुढे त्यांच्याकडून निरोप आला नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून आई आणि आत्या बिट्टीला घेऊन विभागात जाऊ लागल्या. आजी कितीतरी दिवस लेकीशी बोलली नाही. मग एकदा, काही न सांगता, चपला घालून तीही निघाली. त्या दिवशी उपचार करणाऱ्या बाई पाण्याच्या पेल्याचं चित्र घेऊन समोर बसल्या, तर बिट्टीने अनोळखी चेहरा बघून हात तोंडावर नेले. आजीने वाकून ते हळूच खाली घेतले. बिट्टीने पुन्हा वर नेले. आजीने पुन्हा खाली घेतले.

“जबरदस्ती नको, आजी,” बाई म्हणाल्या. “ती अजून तुमचंच ऐकतेय.”

आजीचे हात तिथेच थांबले. त्यानंतर मात्र एकही वेळ तिने चुकवली नाही.

बिट्टी आता चित्र दाखवून पाणी मागते. एका शाळेने आईला सोबत बसायच्या अटीवर तिला थोडा वेळ घेतलं आहे. तिचे शब्द परत आलेले नाहीत. ते येतीलच असं कुणी सांगत नाही, आणि बिट्टीला लवकर आणलं असतं तर ते आले असते का, हा प्रश्न आईने विचारायचा सोडून दिला आहे. नवं माणूस दिसलं की बिट्टीचे हात अजूनही तोंडाकडे जातात.

विभागातल्या बाई एकदा आत्याला म्हणाल्या होत्या की इथे येतात त्यापेक्षा न येणारी मुलं कितीतरी जास्त असणार. तेव्हापासून आत्या सुट्टीच्या दिवशी आसपासच्या वस्तीत घरोघर फिरते. काही ठिकाणी तिला पाणी विचारतात, काही ठिकाणी दार लोटून घेतात.

परवा एका घरात एक तरुण बाई दार अर्धंच उघडून उभी राहिली. आत्याने रुग्णालयाचं सांगितलं, मुलांचं सांगितलं. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “नाही हो ताई, आमच्याकडे असं कुणी नाही.”

आतून, कुठल्यातरी बंद दारामागून, काहीतरी भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता. संथ, एका लयीत. दोघींनीही तो ऐकला. दोघींनीही तो ऐकल्याचं एकमेकींच्या डोळ्यांत पाहिलं.

आत्या पायरीवर बसली.

“असू दे,” ती म्हणाली. “मला कुठे जायची घाई नाही. माझ्या घरीही आम्ही चौघंच आहोत असं सांगायचो.”

बाईचा हात दारावरच होता. तिने दार लावलं नाही.