अबीगेलचा फोटो राहिला

गुणाबाईने पनवेलच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकली. भाव पाडून मागणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण आपणहून कुणाकडे काही मागितलं नाही. चिमूटभर मीठसुद्धा नाही. त्या ताठ्यापायीच पुढचं सगळं झालं.

कॅमेरा मूळचा तिच्या लेकीचा. कोमलने हौसेने घेतला, चार महिने मिरवला, लग्न होऊन सुकापूरला गेली तेव्हा कपाटात टाकून गेली. गुणाबाईने तो काढला, पुसला आणि साठीच्या वयात डोळ्याला लावला. शिकवायला कोणी नव्हतं, असतं तरी तिने विचारलं नसतं. चाकावरची इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नव्हती. छपरासारखं दिसणारं अक्षर लावलं की फोटो बरा येतो, हे तिने शंभरेक फोटो वाया घालवून हेरलं. बाकीचं मासळीने शिकवलं. मासा ताजा की शिळा ते डोळ्यात कळतं. माणसाचंही तेच, म्हणून आधी डोळा धरायचा. आणि उजेड दारातून आडवा यायला हवा. डोक्यावरून पडलेला उजेड तोंडाचं मातेरं करतो.

दुपारी टोपल्या रिकाम्या झाल्या की ती एकेकाला भिंतीकडे बसवायची. न्हावा शेव्याला कंटेनर चालवणारा धर्मराज काळा चष्मा लावून ऐटीत बसला, तर म्हणाली, "गॉगलचा फोटो काढायचा आसंल तर तो हितं ठेव आनि तू घरी जा."

सगळा बाजार काढून झाला. राहिली एकटी अबीगेल.

अबीगेल तिची पहिल्या वर्षापासूनची गिऱ्हाईक. सिनेगॉगमागच्या गल्लीत राहायची, शाळेत शिकवायची. यहुदी माणूस, खवल्याचाच मासा चालायचा, जिताडा नाहीतर बोय. कोलंबीला, चिंबोरीला हात नाही. तिच्या माशाला गुणाबाई वेगळी सुरी ठेवायची. भावावरून भांडण रोजचं आणि दोघींपैकी एक आजारी पडली की दुसरीला जेवण जात नसे. फोटोचा विषय गुणाबाईने एकदाच काढला होता. "केस बघ माझे, झाडू झालाय. मग कधीतरी," अबीगेल हसून म्हणाली. गुणाबाईने पुन्हा शब्द टाकला नाही.

मग अबीगेलचा नवरा हायम गेला. इस्राएलमध्ये राहणाऱ्या अवीवने आईला कायमची तिकडे न्यायचं ठरवलं. घर विकलं गेलं, सामान वाटलं गेलं. गुणाबाईचा जीव त्या एका चेहऱ्यात अडकलेला. पण ती चार महिने वाट बघत राहिली. तिनं म्हणावं, मग काढीन.

अबीगेल आली ती शुक्रवारी, निघायच्या आदल्या दिवशी. जांभळी रेशमी साडी, केस रंगवलेले.

"गुणा, काढतेस ना फोटो?"

दारातून उजेड असा येत होता की डोळे मिटून काढला तरी चुकला नसता. पण चार महिने वाट बघायला लावून बाई आता उगवली, याचा राग जिभेवर आला.

"आज नाय. उजेड गेला. उद्या चारला ये."

अबीगेलने एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "बरं," म्हणाली आणि गेली.

घरी देवापुढे दिवा लावताना गुणाबाईच्या हातातली काडी तशीच जळत बोटापर्यंत आली. शुक्रवार! अबीगेलकडे आता मेणबत्त्या लागल्या असतील. उद्या दिवस मावळेपर्यंत तिचा शब्बाथ, कामाला हात न लावायचा वार. ती गॅस पेटवत नाही, दिव्याचं बटण दाबत नाही, तिचा फोटो कसला काढतेस?

तरी शनिवारी ती गेली. रिकाम्या घरात खिडकीपाशी एकच खुर्ची, आणि तीच जांभळी साडी नेसून अबीगेल बसलेली.

"चारला बोलावलंस ना? काढ. देव इतकं बारीक बघत नाही."

"तुजा देव ना का बघंना, मी बघतंय. चालीस वर्सं तुज्या पिशवीत कोलंबीची मिशी जाऊ दिली नाय. आज जाताना पाप बांधून देऊ?"

कॅमेरा पिशवीतच राहिला. दोघी समोरासमोर बसल्या. खिडकीतला उजेड अबीगेलच्या गालावर आला, डोळ्यात उतरला, हनुवटीवरून खाली साडीवर गेला. गुणाबाई त्याच्याकडे नुसती बघत होती, भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तशी. तीन चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला, तेव्हा अबीगेल उठली आणि तिने ट्यूब लावली.

"आता काढ."

गुणाबाईने कॅमेरा डोळ्याला लावला. त्या पांढऱ्या उजेडात चेहरा बर्फावर ठेवलेल्या मासळीसारखा दिसत होता.

"असला फोटो मी काढत नाय."

"कसाही काढ गं, गुणा."

"नाय म्हनजे नाय."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. अबीगेलने तिच्या गालावरून हात फिरवला आणि जिना उतरली.

पुढे कित्येक दिवस गुणाबाई स्वतःलाच शिव्या घालत होती. वाईट तर वाईट, डोकं कापलेला, हललेला, कसला का असेना, तिचा असता! बाजारात बोय आली की हात वेगळ्या सुरीकडे जायचा. कॅमेऱ्याला तिने हात लावला नाही.

मग श्रावणातल्या एका संध्याकाळी तिने फोन केला, चेहरा दिसतो तसला. आणि जन्मात पहिल्यांदा मागितलं.

"अबी, माजं एक काम कर गो. फोटोला बस."

"इथून?"

"तिथूनच. घरात खिडकी हाय ना?"

इथे तिन्हीसांजा झाल्या होत्या, तिकडे अजून ऊन होतं. गुणाबाईने फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि कॅमेरा घेऊन समोर मांडी घातली. "खुर्ची सरकव. आजून. मान हिकडं. तिकडं नाय गो, हिकडं! मास्तरीन होतीस ना?" अबीगेल हसली. केस आता सगळे पांढरे होते. आडवा उजेड गालावर आला, डोळ्यात उतरला. फोनच्या काचेवर बारीक रेघा दिसत होत्या, पण डोळा धरला गेला होता. आता बोट दाबलं की झालं.

दाबलं की झालं. मग अबीगेल म्हणेल, चल, ठेवते.

"काढलास का गं?" थोड्या वेळाने अबीगेलने ओठ न हलवता विचारलं. "मान अवघडली."

"हलू नको," गुणाबाई म्हणाली. "बस तशीच. उजेड आजून येतोय."