एक स्वर चढा

मी एक कँटाटा बोलतेय. रविवारी चर्चमध्ये प्रवचनाच्या आधी वाद्यांसह गायची रचना. माझ्या बहिणी पुष्कळ. कुणी नाताळची, कुणी सुगीची, सगळ्या हसऱ्या. माझ्या वाट्याला मात्र मरण आलं. 'ये मरणा, दार उघडंच आहे, मला प्रभूकडे ने,' असे माझे शब्द.

जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातल्या आमच्या गावचे संगीतप्रमुख गोटलोब आन्शुट्झ माझे जन्मदाते. त्यांचा शिरस्ता ठरलेला. आठवडाभर रचायचं, शनिवारी घरच्यांनी प्रत्येक वाद्याची पानं उतरवायची आणि रविवारी गायचं, सराव नावालाच. पण त्या आठवड्यात त्यांची छोटी डोर्ले तापाने फणफणली होती. घसा सुजून तिचा श्वास घरघरत होता. इकडे ते मला गुणगुणत लिहीत, तिकडे ती घरघर. मला माझीच लाज वाटे.

शनिवारी दुपारी त्यांच्या बायकोने, झिबिलाने, माझे शब्द वाचले आणि लेखणी खाली ठेवली.

"अहो, पोर आत अशी पडलीय, आणि तुम्ही अख्ख्या गावाकडून मरणाला आवतण देताय?"

"अगं, मरण म्हणजे प्रभूचं दार. तूच रोज प्रार्थनेत म्हणतेस ना?"

"माझ्यासाठी म्हणते. तिच्यासाठी नाही. दुसरं काहीतरी गा."

ते तरी काय करणार? शब्दांच्या छापील पुस्तिका गावात वाटून झाल्या होत्या, आणि पुढच्या बाकांवरची नगरपरिषदेची मंडळी त्यातली ओळन्‌ओळ ताडून बघत. त्यांनी पानं पुन्हा तिच्यापुढे सरकवली. तिने लेखणी उचलली आणि ती मान खाली घालून उतरवू लागली.

इथली एक गोम सांगते. आमचा ऑर्गन बाकीच्या वाद्यांपेक्षा एक स्वर चढा. म्हणून त्याचं पान नेहमी एक स्वर खाली उतरवून लिहायचं. झिबिला हे काम लग्न झाल्यापासून करत होती, झोपेतसुद्धा चुकली नसती. त्या दिवशी तिने ते पान जसंच्या तसं उतरवलं, शाई सुकावी म्हणून वर वाळू टाकली, झटकलं आणि गठ्ठ्यात सारून दिलं. मी बघत होते, पण सांगणार कुणाला? मला तोंड मिळतं ते दुसऱ्याच्या गळ्यात.

रविवारी डोर्लेला शेजारणीपाशी ठेवून दोघं आली. ते वर सज्जात, ती खाली बायकांच्या बाकावर. ऑर्गन सुरू झाला, सनईसारखे ओबो त्यात मिसळले, आणि असा काही कर्कश गोंधळ उठला की पाद्रीबुवांनीही मागे वळून पाहिलं. गोटलोबनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

ऑर्गनवाले म्हातारे त्सीग्लर हळूच म्हणाले, "मास्तर, पान खाली उतरवलेलंच नाही. हरकत नाही, मी मनातल्या मनात एक स्वर खाली आणून वाजवतो. हो म्हणा फक्त."

गोटलोबनी पान हातात घेतलं. अक्षर ओळखीचं होतं. त्यांनी कठड्यावरून खाली पाहिलं. झिबिला वर बघतच नव्हती. पुढच्या बाकाची कड तिने घट्ट धरली होती. सगळं चर्च ताटकळलं होतं. आणि मी? मला गायचं होतं हो, जन्मले होते ती त्याचसाठी. आणि तरी, नको, असंही वाटत होतं.

"नको," ते म्हणाले. "सगळ्यांना येतं ते नेहमीचं स्तोत्र घ्या."

परिषदेने त्यांना फैलावर घेतलं. चूक आपलीच, असं गोटलोबनी सांगितलं. घरी मात्र विषय काढला नाही. डोर्लेच्या घशाची सूज हळूहळू उतरली आणि एका सकाळी तिने रोजच्या न्याहारीचं बिअरचं सूप मागितलं. मला गायलं नाही म्हणून ती वाचली, असं झिबिला कधी म्हणाली नाही, आणि मीही म्हणणार नाही. पण मला पुन्हा कुणी कपाटाबाहेर काढलं नाही.

काढलं ते आज, इतक्या वर्षांनी. गोटलोब कधीच गेले. त्यांच्या जागी आलेल्या संगीतप्रमुखाशीच डोर्लेचं लग्न झालं, त्यामुळे घर तेच राहिलं. आत झिबिला अंथरुणाला खिळली आहे. आपल्या दफनाला काय गायचं ते इथली माणसं जिवंतपणीच ठरवतात. तिने मला निवडलं.

"ऑर्गनचं पान तेवढं नव्याने लिही," ती लेकीला म्हणाली. "ते मी मुद्दाम बिघडवलं होतं. तू तापात पडली होतीस, तुला सोडायचं नव्हतं मला."

"आई, आत्ताच कशाला? पुढच्या आठवड्यात बघू."

"आत्ताच. आणि लिहून झालं की मला दाखव. तुझ्या हातून चुका फार होतात."

डोर्ले माझ्यासमोर बसली आहे. लेखणी शाईत बुडवते, थांबते, शाई वाळते, पुन्हा बुडवते. कागद कोराच आहे. आतून श्वासाची घरघर ऐकू येतेय.

डोर्ले, बाई, मी मरणाला बोलावत नाही. ते न बोलावताच येतं. ते आलं की माणसाला एकटं वाटू नये, एवढ्यासाठी मी आहे. तुझ्यासाठी तिने मला गप्प केलं, ते बरंच केलं. आता तिच्यासाठी लिही. रडत लिहिलंस तरी चालेल. पण ती तपासायला जागी आहे तोवर लिही.