वासराचा चीक

कल्याणास आगगाडी येऊन वीस-पंचवीस वर्षे झाली होती, तरी बाळंतिणीच्या खोलीत नवे काही शिरले नव्हते. सगुणेचा नवरा हरिहर जेवून ठाण्याच्या कचेरीत गेला. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडीत होत्या. आतल्या अंधाऱ्या खोलीत, शेगडीच्या धुरात, सगुणेचे तीन दिवसांचे मूल मात्र रडायचे राहत नव्हते.

आई असती तर सगुणा बाळंतपणाला माहेरीच गेली असती. आई दिवाळीत वारली. आता विचारायचे कोणाला?

घरची रीत ठरलेली. आईचा पहिला चीक, ते घट्ट पिवळे दूध, बाळाला बाधतो. तो पिळून टाकायचा आणि चौथ्या दिवसापर्यंत मधाचे बोट चाटवायचे. सगुणेची छाती दगडासारखी झाली होती. बाळ मूठ चोखी, मान इकडून तिकडे फिरवी, तोंड वासून किंचाळे.

सासूबाई दाराशी आल्या. "मान कशी फिरवतंय पाहिलंस? सटवी खुणावत्ये त्याला. चुलीत सुई तापत घातल्ये. पोटावर डाग दिला की बाधा उतरेल."

"नको हो, सासूबाई! एवढंसं पोट त्याचं."

"काल आलीस नि मला शिकवत्येस? धर त्याला नीट, हलू देऊ नकोस." आणि त्या सुई आणायला वळल्या.

सगुणेने बाळाला उचलून घेतले. शिमग्यात शेजारच्या सुमतीच्या मुलीला असाच डाग दिला होता. ती गप्प झाली होती. पुन्हा रडलीच नाही.

बाळाचे डोळे पुसताना तिचे बोट गालाला लागले. बाळ बोटाकडे वळले. तिने दुसऱ्या गालाला लावले, ते तिकडे वळले. माहेरच्या गोठ्यात नवे वासरू असेच हाताला झोंबे, आणि आई म्हणे, "आधी त्याचं पोट भरू दे, मग तुझा खरवस."

याला कोणी खुणावीत नव्हते. याला भूक लागली होती.

तिने कडी घातली. तिने बाळाला छातीशी धरले. आणि खरेच बाधले तर? बाळ शांत झाले तशी ती अधिकच घाबरली.

"दार उघड!" बाहेरून थापा पडल्या. "रडं का थांबलं गं? सगुणे! काय केलंस त्याला?"

घुटके ऐकू आले तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. तिने दार उघडले.

"गाईचा चीक वासराला आधी पाजतो आपण. माझाच तेवढा विषारी कसा?" ती दारातच उभी राहिली. "डागायचंच असेल तर मला डागा."

सासूबाईंच्या चिमट्यात सुई लाल होती. त्या बाळाकडे बघत राहिल्या. मग सोयराची शिवाशिव विसरून त्यांनी त्याच्या गालाला बोट लावले. झोपेतही ते इवले तोंड वळले.

"हरिहराच्या आधीची माझी बाळंही असंच करीत," त्या म्हणाल्या. "दोन्ही गेली. सुई आमच्या सासूबाईंच्या हातात होती. मी घट्ट धरलं होतं पोरांना." मग त्यांनी विचारले, "भुकेलीच होती का गं ती?"

सगुणेने त्यांच्या हातातला चिमटा काढून घेतला.

वाचणाऱ्या आयांनो, बाळ भुकेले तर नाही ना, हा प्रश्न तुमच्या घरी सुई चुलीत जाण्यापूर्वी विचारा.