उसनी माती

कोंडीरामांनी चिखलीचा मुरमाड माळ फोडून रान केले. त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांनी त्या रानात ज्वारी पिकवली, आणि यशवंतरावांचे पोपटराव यांनी ते तुकड्यातुकड्याने वर्कशॉपांना दिले. चौथ्या पिढीच्या वर्षालीसाठी उरला तो आजीच्या दारापुढचा एकच तुकडा, चहूबाजूंनी पत्र्याने वेढलेला. यशवंतरावांच्या पत्नी छबूबाई त्यात अजून घेवडा लावीत.

त्या सकाळी त्याच तुकड्यावरून तंटा पेटला.

"आई, शेड टाकू. भाड्यावर पोरीचं कालिज व्हईल," पोपटराव म्हणाले.

"कशाचं कालिज?"

"माती, खडक, हवापाणी, समदं शिकवत्यात. चार वरसं. पार लांब, होस्टेलात."

"रान घालवून रान शिकायला चाललीय व्हय? हितं कंपन्यांचा दुकाळ पडलाय का? कम्प्युटर शीक म्हणावं. सांजच्याला भाकरीला घरी येईल."

वर्षालीने चार वर्षांची आखणी बोटांवर मांडली. "पहिल्या वर्षी गणित आणि भौतिक. मग खडक आणि माती. तिसऱ्या वर्षी ढग, वारे. शेवटी एका नदीचा अभ्यास. मी आपली इंद्रायणी घेणार, आज्जी."

"ढग शिकून पाऊस पडतो का गं?"

"पडत नाही. पण कोणाचं रान धुऊन नेईल, ते आधी सांगता येतं."

छबूबाई घेवड्याच्या शेंगा खुडू लागल्या. पोपटराव बायकोसह पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये गेले, तेव्हापासून या घरात नातीखेरीज दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. ती गेल्यावर बोलायचे कोणाशी? शेजारच्या प्रेस मशीनशी? पण 'जाऊ नकोस' ही विनवणी झाली, आणि विनवणी त्यांनी जन्मात कोणापुढे केली नव्हती.

दुपारी वर्षालीने घेवड्याच्या कडेला खड्डा खणला. "आज्जी, इकडं ये. वर काळी, खाली मुरूम. मध्ये बघ, सुरीनं कापल्यासारखी रेघ. ही माती इथं तयार झाली असती, तर रंग हळूहळू बदलला असता. ही कुणीतरी बाहेरून आणून टाकलीय."

छबूबाई खड्ड्याच्या कडेला बसल्या. त्यांनी मूठभर काळी उचलली.

"भैरूची हाय. मी नवी नवरी व्हते. एका रातीत पावसानं आपली माती व्हाऊन नेली, नुसता मुरूम उघडा पडला. भैरूनं नदीकाठच्या रानातली काळी भरू दिली. तुजा आजा म्हनला, उसनी नेतो. भैरू हसला. म्हनला, माती कुनी परत देतं का, राव?"

"मग दिली का?"

"कुठली! तुजा आजा गेला, भैरूबी गेला. त्याच्या रानात लोकांनी राडारोडा टाकलाय. त्याच्या बायकोला, आक्काबाईला, मेथीची जुडी पिकवाया जागा न्हाई." त्या उठल्या. "तुला ह्ये कुनी सांगितलं व्हतं?"

"कुणी नाही. मातीनंच."

"मंग जा. शीक."

शेड टाकायचे ठरले. पाया खणताना निघालेली काळी माती शेडवाला एका सोसायटीच्या बागेला विकणार होता. छबूबाई काठी रोवून डंपरपुढे उभ्या राहिल्या.

"सोसायटीची बाग? ही माती आमची हाय का इकायला? आधी भैरूच्या रानावरचा राडारोडा उचल. मंग ही थितं जाईल."

राडारोडा उचलून झाल्यावर मातीचा पहिला डंपर सपाट भरून निघाला, तो त्यांनी थांबवला.

"अजून टाक."

"सांडंल की, आज्जी!"

"सांडू दे. उसनं घेताना माप सपाट आसतं, देताना शीग लावायची. आईबापानं शिकवलं न्हाई व्हय रे?"

माती पसरून झाली, त्याच सकाळी वर्षालीची बस सुटली. छबूबाई परस्पर भैरूच्या रानावर आल्या. भैरूची विधवा आक्काबाई बांधावर बसून ढेकळे चुरीत होती.

"पोर गेली का, छबे?"

"गेली."

"आता घरात कोन?"

कमरेच्या पिशवीतले घेवड्याचे बी छबूबाईंनी आक्काबाईच्या पदरात ओतले, पदर जड होईपर्यंत.

"मोजून घे आपली माती," त्या म्हणाल्या. "यशवंतरावाचं उसनं फिटलं."

आक्काबाईने काळी मूठ नाकाशी नेली. "फिटलं गं," ती म्हणाली. "शिगंसकट फिटलं."

छबूबाई घरी परतल्या. दारापुढे नुसता मुरूम होता.