तणसाच्या गाठीतले आलू

मंजुषा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली ते साल दोन हजार सहा. त्या हंगामात वणीची जुनी कापसाची प्रेस उघडलीच नाही, म्हणूनही ते साल विसरता येत नाही. कापूस आला नाही असं मालक म्हणाले. आला तो बाहेरच्या बाहेर गेला, असं हमाल म्हणाले. तिच्या बापाने, डोमाजीने, त्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं कापसाच्या गाठी बांधल्या होत्या. दसरा झाला तरी बोलावणं आलं नाही, तेव्हा त्याने कामाचा सदरा धुऊन पेटीत ठेवला आणि राजूरच्या आपल्या घरी ओसरीवर बसून राहिला.

ओसरीतच खाटेवर त्याची बायको भुरीबाई. श्रावणात चुलीपुढे बसल्या बसल्या तिला लकवा मारला होता. उजवा हात, उजवा पाय गेला. बोलणं जड झालं, पण समजत होतं. दवाखान्यातून आणल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून पडायची. दोन घास खायची आणि ताट सरकवायची.

भुरीबाईची नाल्याकाठी भाजीपाल्याची पाच वाफ्यांची बाडी होती. त्या घरातून उठलेल्या प्रत्येक पंगतीत आलू-वांग्याची भाजी त्याच बाडीतली असायची. सासरा गेला त्याची तेरवी, नणंदेचं लग्न, मंजुषाचं लग्न, कुठेच तिने बाजारचा आलू घरात येऊ दिला नव्हता. आता बाडीत गाजरगवत माजलं होतं. तिथवर चालणं तर सोडाच, तिला जमिनीपर्यंत वाकताही येत नव्हतं.

दिवाळीला जावई अनिकेत मंजुषाला मुकुटबनहून घेऊन आला. चहा पिता पिता मंजुषा म्हणाली, "आई, बारसं माघात येते. तोवर तू उठून बसशीन पाह्य."

भुरीबाई भिंतीकडे पाहतच बोलली, "बसून काय करू? नातवंडाच्या बारशाले बाजाराचे आलू वाढू? त्यापेक्षा मले नेऊनच टाका."

डोमाजीला वाटलं, ही नुसतं बोलत नाही. हिने मनात ठरवलं आहे.

अनिकेतने मग खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. कृषी मेळाव्यात वाटलेला होता. जमीन नसली तरी पोत्यात, पिप्यात, तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, बांधलेल्या गठ्ठ्यात भाजी कशी लावायची, ते त्यात छापलं होतं. डोमाजी चाळिशीत प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेला. तो दोन दिवस तो कागद बोट ठेवून वाचत होता. गठ्ठा खाटेइतका उंच असला तर बसल्या जागी हात पोचतो, एवढं त्याला कळलं. 'गठ्ठा घट्ट बांधावा' हेही कळलं. ते तर त्याला कोणी सांगायलाच नको होतं.

त्याचा प्रेसमधला जोडीदार कय्युम फिटर होता. प्रेस बंद पडल्यावर त्याने नाक्यावर ट्रकांचं गॅरेज टाकलं होतं. त्याने वर्धा नदीपलीकडून, धानाच्या मुलखातून टेम्पोभर तणस आणली. सोबत दोन निळे ड्रमही आणले.

"हे फवारणीचे हायत," भुरीबाई खाटेवरूनच म्हणाली.

"धुतले ना भाबी, तीनदा धुतले."

"तीसदा धू. त्या औषधाचा डबा माझ्या घरात नोको. तुया बीबीले दे पानी भराले."

"तिले दिले तर मलेच त्यात बुडवून ठेवीन," कय्युम हसला आणि ड्रम परत टेम्पोत टाकले. दुसऱ्या दिवशी तो तेलाचे रिकामे पिपे घेऊन आला.

डोमाजीने फळ्यांची पेटी ठोकली, कय्युमने ट्रकचा जॅक दिला. पेटीत तणस भरायची, वरून जॅकने दाबायची, खालून लोखंडी पट्ट्या घ्यायच्या आणि आवळायच्या. किती दिवसांनी डोमाजीच्या हाताला ओळखीचं काम मिळालं होतं! पट्टी आवळताना त्याच्या दंडाची शीर फुगली. चार गाठी झाल्या. कडेला कडा, कोपऱ्याला कोपरा. त्याने प्रत्येकीवर मूठ आपटून पाहिली. लाकडावर आपटल्यासारखा आवाज आला.

"वा रे डोमाजीभाऊ! आता ह्या मुंबईले धाडतो काय?"

"माह्या हातची गाठ हाय. सुरी शिरनार नाई," डोमाजी म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याचं तोंड उजळलं होतं.

गाठी खाटेला लागून ओळीने ठेवल्या. कागदात सांगितल्याप्रमाणे वरून रोज शेणकाला आणि पाणी ओतलं. आत सडायला लागलं की गाठ तापते, मग निवते, निवली की लावायचं. पाचव्या दिवशी भुरीबाईने डावा हात गाठीवर ठेवला, तव्याचा अंदाज घेतात तसा.

"हे तापलं काहून नाई?"

"थंड हाय म्हणजे तयार हाय."

"तापल्याबिगर थंड कसं होईन? पानी तं सारं बाजूनं गळून राह्यलं."

"तू सैपाकाचं पाह्य, गाठीचं मले समजते," डोमाजी म्हणाला. आणि लगेच त्याला वाटलं, काय बोलून बसलो. स्वयंपाक तिच्या हातून कधीच सुटला होता. ती भिंतीकडे वळली.

गाठींवर भोकं पाडताना पहार वापरावी लागली, तरी त्याला उमगलं नाही. भोकात मूठभर काळी माती आणि डोळा फुटलेला आलूचा तुकडा, असं त्याने लावलं. उरलेले तुकडे खताच्या दोन पोत्यांत, माती आणि सुटी तणस घालून. पिप्यांत वांगी, फुटक्या घमेल्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर. राजूरला कोळशाच्या गाड्यांची धूळ पानांवर बसते. मंजुषा रोज सकाळी पोट सांभाळत ओल्या फडक्याने पान न् पान पुसायची.

मार्गशीर्ष सरत आला. पोत्यांतल्या आलूंचा पाला गुडघ्याएवढा झाला, वांग्यांना जांभळी फुलं आली. गाठींवरची रोपं मात्र वीतभर वाढून पिवळी पडली. डोमाजी रोज जास्त पाणी घालायचा आणि रोज ते पाणी ओसरीवरून अंगणात वाहून जायचं.

शेवटी कय्युमच म्हणाला, "डोमाजीभाऊ, तोडून पाह्य एक."

डोमाजी नुसता उभा राहिला. प्रेसमध्ये पट्टी तुटली तर सगळी प्रेस मान वळवून बघायची. एकतीस वर्षांत त्याची पट्टी तुटली नव्हती, आणि आपली गाठ आपल्याच हाताने तोडणं तर त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने छिन्नी हातात घेतली आणि खाली ठेवली. मग खाटेवरून आवाज आला.

"तोडा. बारशाले दीड महिना उरला."

छिन्नीच्या तीन घावांत पट्टी सुटली. गाठ कण्हल्यासारखं करून फुगली आणि फाकली. आत तणस कोरडी होती. नदीपलीकडून आली त्या दिवशीसारखी पिवळीजर्द, चमकणारी. बोटभर खोल कुठे ओल नाही. भोकातल्या मूठभर मातीत मुळ्या गुंडाळी करून बसल्या होत्या.

डोमाजी तिथेच खाली बसला.

"चुकलं व," डोमाजी म्हणाला. "मी कापूसच बांधला."

"बरं. आता उठा," भुरीबाई म्हणाली. "बाकीच्या तीनयी तोडा. तणस भिजवा, मातीत कालवा, पोते आना. मंजे, तू खाली बसू नोको, मले टेकू दे फक्त."

त्या दिवशी श्रावणानंतर पहिल्यांदा ती खाटेवर पाय सोडून बसली. डोमाजी भरलेलं पोतं तिच्या पुढ्यात धरायचा, ती डाव्या हाताने रोप सोडवून लावायची. त्याने सवयीने पोत्यातली माती दाबली की ती त्याच्या मनगटावर चापट मारायची.

"दाबू नोका म्हनलं ना! आलूले फुगाले जागा पायजे. मोकळं ठेवा."

"ठेवतो, बाई."

दिवस मावळेपर्यंत नऊ पोती झाली. डोमाजीची कंबर धरली होती, हात शेणाने भरले होते. रात्री भुरीबाईने दोन भाकरी खाल्ल्या. मंजुषाने बापाकडे पाहिलं. बाप मान खाली घालून जेवत होता.

माघात मंजुषाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. त्या सकाळी पोती खाटेजवळ आडवी केली आणि भुरीबाईने डाव्या हाताने आतली माती चाचपली. पहिल्या दोन पोत्यांतून मुठीएवढे आलू निघाले, पाटीभर. नंतरच्या आठ पोत्यांत मात्र बोराएवढे, फार तर लिंबाएवढे. वेळच कमी मिळाला होता. एक पोतं तिने उघडू दिलं नाही. त्यातला पाला अजून हिरवागार होता.

"हे राहू द्या. होळीनंतर काढू. ह्याले तरी पुरा टाइम भेटू द्या."

पंगत चाळीस पानांची. अनिकेत हळूच म्हणाला, "मामी, बाजारातून चार किलो आणू का?"

"नाई. वांगे भरपूर हायत. मोठे आलू चिरा, हे लहाने सालासकट अख्खे टाका. एका पत्रावळीत एक आला पायजे, बस्स."

शेजारची हंसाबाई वाढायला आली होती. तिने पातेल्यात डाव फिरवला. "भुरीबाई, हे आलू हायत का बोरं टाकले?"

"तोंडात टाक आन् मंग बोल."

हंसाबाईने एक तोंडात टाकला, आणि मान डोलावत वाढायला गेली. मुलीचं नाव भैरवी ठेवलं. कय्युमने दोनदा भाजी मागून घेतली आणि पाहुण्यांना सांगितलं, की राजूरमध्ये आलूची गाठ बांधणारा हा एकच कारागीर आहे. लोक हसले. डोमाजीही हसला. खरं म्हणजे तो फार थकला होता. भुरीबाईने आपल्या पानातला अख्खा आलू डाव्या हाताने फोडला आणि अर्धा त्याच्या पानात टाकला.

अकरावं पोतं खाटेशी तसंच उभं राहिलं. डोमाजी त्याला बेताने पाणी घालायचा. भुरीबाई अधूनमधून त्यात बोटं खुपसून म्हणायची, "भरून राह्यले."

भुरीबाई दोन हजार सातच्या मार्चच्या चार तारखेला, रविवारी, धुळवडीच्या दिवशी सकाळी आपल्या खाटेवर वारली. पोतं काढायचं राहिलं होतं. तिच्या तेरवीच्या पंगतीतल्या भाजीसाठी डोमाजीने ते काढलं.