खणात कोंडलेला फडका

मी एक जुना पांढरा फडका आहे. पांढरा म्हटल्यावर हसू नका, मित्रांनो. माझा एकही कोपरा आता पांढरा उरलेला नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी विणला गेलो. काठ वाकडा निघाला म्हणून विक्रीला गेलो नाही. माल तपासणाऱ्या अक्कम्मांनी मला उचललं. नवा माल आला की त्या मला ओला करून रंगीत काठावर दहा वेळा घासत. माझ्यावर रंग उतरला नाही तरच गठ्ठ्यावर त्यांच्या नावाची चिठ्ठी लागे. मालक चनमल्लप्पा अण्णा पाहुण्यांना सांगत, "ह्यो फडका खोटं बोलत न्हाय." मग काय, मी दिवसभर फुगलेला!

गेल्या दिवाळीआधी बेळगावच्या एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर आली. पांढरे टॉवेल, लाल काठ. तारीख अंगावर आली, म्हणून तीनदा धुवायचं रंगीत सूत एकदाच धुतलं. दारात ट्रक हॉर्न वाजवत होता. अक्कम्मांनी मला ओला केला. बाबा रे, रंगा, घट्ट धरून बस, असं मी मनात म्हणत होतो. तिसऱ्यांदा घासताच मी गुलाबी झालो.

"अण्णा, रंग सुटतोय की."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. "पहिल्या पाण्याला थोडा सुटतोच. गाडी दारात हाय, अक्कम्मा. ही ऑर्डर हातची गेली तर माग बंद पडतील. तुमची धनलक्ष्मी बी हितंच कामाला हाय न्हवं?"

धनलक्ष्मी ही अक्कम्मांची मुलगी. पलीकडे शिलाईच्या मशीनवर बसली होती. तिने मान वर करून आईकडे पाहिलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण फडक्याला तोंड कुठलं? अक्कम्मांनी माझी घडी केली, मला टेबलाच्या खणात ढकललं आणि चिठ्ठ्या लावायला घेतल्या.

पंधरा दिवसांनी सगळा माल परत आला. हॉटेलच्या पहिल्याच धुलाईत टॉवेलांबरोबर चादरी, उशांचे अभ्रेसुद्धा गुलाबी झाले होते. अण्णांनी हात जोडले, माल बदलून दिला. वाटलं, मिटलं. पण बेळगावची गोष्ट हुबळीला कळली, तिथून आणखी कुठे कुठे गेली. जुने व्यापारी भांडायलाही आले नाहीत. त्यांनी नुसतं येणं बंद केलं. ज्या मागांसाठी मला लपवलं, त्यातले निम्मे माग थांबले. धनलक्ष्मीला घरी बसवताना अण्णांना मान वर करता आली नाही.

एके दिवशी त्यांनीच खण उघडला. माझ्याकडे बघत उभे राहिले.

"ह्यो डाग गाडी सुटायच्या आधीचाच न्हवं?"

"व्हय," अक्कम्मा म्हणाल्या. "मी बी बघितला हुता."

आता गाडी कितीही हॉर्न वाजवो, आधी मला घासतात. हुबळीचा एक व्यापारी परवा पुन्हा येऊन गेला. धनलक्ष्मीच्या मशीनवर मात्र अजून कापड टाकलेलं आहे. काम करताना अक्कम्मा तिकडे बघत नाहीत.

मित्रांनो, तुम्ही मोठेपणी टॉवेल विणाल, पूल बांधाल, नाहीतर आणखी काही कराल. घाईच्या वेळी कुणी डाग दाखवला, तर त्याला खणात कोंडू नका. माल परत येतो, एखादा व्यापारीही परत येतो. धनलक्ष्मी अजून आलेली नाही.